दुसरी सायकल

दुसरी सायकल घ्यायची आहे, असं आम्ही घरात पहिल्यांदा म्हटलं तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "पहिली चोरीला गेली का?" पहिली जिन्याखाली उभी होती. "मग मोडली?" मोडलीही नव्हती. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, तांदूळ निवडत राहिल्या. त्यांचं चुकलं नव्हतं. आमच्या इतवारीत कुणी दुसरी हातगाडी घेतली तर ती ओढायला दुसरा माणूस असतो. एका माणसाला दोन सायकली कशाला?

आधी या 'आम्ही'चं सांगून टाकतो. आमच्या घरात 'मैं' म्हणायची पद्धत नव्हती, लहानपणापासून 'हम'च. उर्दू बोलणाऱ्या कितीतरी बायका 'हम आए', 'हम गए' असंच बोलतात आणि आलेली व्यक्ती बाई की पुरुष हे त्यातून कळत नाही. मराठी बोलू लागलो तेव्हा तोच 'हम' 'आम्ही' होऊन आला. 'मी गेले' म्हणताना आजही दुसऱ्याची चप्पल पायात घातल्यासारखं वाटतं. या 'आम्ही'मुळे सायकल बघायला गेल्यावर काय झालं, ते पुढे येईलच.

पहिली सायकल म्हणजे लेडीबर्ड. समोर टोपली, मागे कॅरिअर, चेनवर कव्हर, मागच्या चाकाला कपडा अडकू नये म्हणून जाळी. शाळा साडेतीन किलोमीटरवर. टोपलीत तपासलेल्या वह्या, कॅरिअरला डबा, अंगावर बुरखा. शहीद चौकापासून पुढे सकाळी माल उतरवायला लागलेल्या गाड्या, हमाल, हातगाड्या, मधेच निवांत उभी गाय. त्या गर्दीत लेडीबर्डपेक्षा शहाणं वाहन नाही. तिच्याबद्दल आमची तक्रार नव्हती, आजही नाही.

तक्रार होती ती कामठीची. कामठी आमचं माहेर. अम्मा तिथे भावाकडे असतात. आमच्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत सोळा किलोमीटर. आता हे अंतर काही फार नाही. पण लग्नानंतरच्या अकरा वर्षांत हे सोळा किलोमीटर आम्ही नेहमी कुणाच्या तरी सवडीने गेलो. मुलांच्या अब्बूंची स्कूटर मोकळी असेल तर, भाऊ घ्यायला आला तर, शेअर ऑटो भरला तर. जाणं एकाच्या हातात, परतणं दुसऱ्याच्या. अम्मांच्या गुडघ्यांनी त्यांना घरात बसवलं, तेव्हापासून हे जास्त टोचू लागलं.

एका रविवारी आम्ही लेडीबर्डच काढली. कमाल चौक, इंदोरा, ऑटोमोटिव्ह चौक, मग सरळ कामठी रोड. जायला एक तास वीस मिनिटं लागली. पोचलो तेव्हा अम्मांनी सलामाचा जवाब द्यायच्या आधी पंखा लावला. परतताना वारा समोरून होता. लेडीबर्डवर माणूस ताठ बसतो, त्यामुळे छातीवर वारा घेत पायडल मारायचं म्हणजे दार ढकलत चालल्यासारखं. ऑटोमोटिव्ह चौकाच्या अलीकडे मागून सात-आठ सायकलवाले आले आणि निघून गेले. हेल्मेट घातलेले, वाकलेले, गप्पा मारत. आम्हाला श्वास घ्यायला होत नव्हता आणि ते गप्पा मारत होते! शेवटी आमच्या वयाची एक बाई होती. जाता जाता "गुड मॉर्निंग" म्हणाली आणि तिचं उत्तर आमच्या तोंडातून निघेपर्यंत ती दोन खांब पुढे गेली होती. मेट्रोचे खांब.

त्या दिवसापासून आमच्या डोक्यात रोड बाईक शिरली.

नागपुरात अशा सायकली चालवणारे बरेच आहेत. इथलेच डॉ. अमित समर्थ २०१७ साली 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या आत पूर्ण करून आले. त्याच वर्षी नाशिकचे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनीही ती पूर्ण केली. आम्हाला कामठीपर्यंतच जायचं होतं. पण नवी, बऱ्यापैकी गिअरवाली रोड बाईक चाळीस हजारांच्या आसपास सुरू होते हे कळलं तेव्हा कामठीही अमेरिकेइतकी लांब गेली. आमच्याजवळ भिशीचे वीस हजार होते. म्हणजे जुनी.

जुनी घ्यायची तर आधी आपलं माप हवं. लेडीज सायकल एकाच मापाची येते, सीट खालीवर केली की झालं. रोड बाईकच्या फ्रेमला बुटासारखा नंबर असतो. भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, दोन पायांच्या मधे एक जाड पुस्तक वरपर्यंत दाबून धरायचं आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. पुस्तक कोणतं घ्यायचं हाच पहिला प्रश्न. आमच्याकडची जाड पुस्तकं सगळी अदबीने वर ठेवलेली. शेवटी शाळेचा जुना हजेरीपट घेतला. ७४ सेंटिमीटर भरलं. ते ०.६७ ने गुणलं की फ्रेमचा अंदाज निघतो, म्हणजे ४९ ते ५०. ०.८८३ ने गुणलं की पायडलच्या धुऱ्यापासून सीटपर्यंतची उंची. हा दुसरा आकडा फ्रान्सची 'टूर द फ्रान्स' तीन वेळा जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँडमुळे प्रसिद्ध झाला. गणित शिकवणाऱ्या माणसाला तीन दशांश स्थळांचा आकडा मिळाला की अर्धी सायकल आल्यासारखं वाटतं.

अडचण ही, की जुन्या बाजारात ४९ नंबर फार कमी. विकणारे बहुतेक पुरुष आणि त्यांच्या फ्रेमा ५४, ५६.

पहिली सायकल बघायला गेलो ती पश्चिम नागपुरात. नागपूर रेल्वेलाइनने दोन भागांत कापलेलं आहे. पूर्वेला आम्ही, दुकानं, ओळी, गोदामं. पश्चिमेला झाडं, बंगले आणि जुन्या रोड बाईक. रामझुला ओलांडला की हवा बदलते असं आमचे शेजारी म्हणतात, त्यात अर्धी गंमत, अर्धं खरं. विकणाऱ्या गृहस्थांना आम्ही मोबाइलवर लिहिलं होतं, 'आम्ही रविवारी दहाला येतो.' पोचलो तर व्हरांड्यात पाच खुर्च्या आणि टेबलावर पाच ग्लास पाणी. ते आमच्या मागे फाटकाकडे बघत राहिले. "बाकीचे येऊन रायले का मॅडम?" बाकीचे नव्हतेच. तोंडावर स्कार्फ, हातात पिशवी घेतलेल्या एकट्या बाईला कार्बनची सायकल बघायची आहे, हे त्यांच्या गळी उतरायला पाणी संपावं लागलं. माणूस मात्र भला. "चालवून पाहा ना, मग बोलू," म्हणाले.

सायकल काळीभोर, आमच्या एका हाताने उचलली जाईल इतकी हलकी, आणि किंमत फक्त बावीस हजार. हीच तर अडचण होती. कार्बन म्हणजे लोखंडासारखा धातू नव्हे, कोळशाच्या धाग्यांचे थर रेझिनमध्ये चिकटवलेले असतात. लोखंड वाकतं आणि सांगतं. कार्बन आतून सुटतं आणि वरून चमकत राहतं. म्हणून त्यावर नाण्याने हळू ठोकत जायचं. चांगल्या जागी आवाज टणक येतो, थर सुटलेल्या जागी बोदा. आम्ही पाच रुपयांचं नाणं काढून ठोकायला लागलो तेव्हा त्यांच्या सूनबाई स्वयंपाकघरातून बघायला आल्या. आवाज सगळीकडे सारखाच वाटला, खरं तर आमच्या कानाला फरक कळला असता की नाही, कोण जाणे. पण दुसरं दिसलं. उजवीकडच्या ब्रेकच्या दांड्याची बाहेरची कड घासलेली, उजवं पायडल घासलेलं आणि मागून बघितलं की गिअर बदलणारा हात, त्याला डिरेल्युर म्हणतात, चाकाकडे झुकलेला. तिन्ही खुणा उजव्याच बाजूला. ही सायकल उजवीकडे जोरात पडली होती. "कधी पडली नाही," असं ते म्हणाले होते. मुलाची सायकल, मुलगा परदेशात, त्यांना माहीत नसेलही. फ्रेम ५६ ची होती, आम्हाला मोठी. तेवढंच कारण सांगून आलो.

दुसरी सायकल आमच्या मनासारखी होती. तिच्याबद्दल लिहायचं की नाही, हे आम्ही बरेच दिवस ठरवत होतो.

ती लोखंडी होती, निळ्या रंगाची, बारीक नळ्यांची, मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल. माप ४९. किंमत नऊ हजार. आणणारा मुलगा आमचा जुना विद्यार्थी. सातवी-आठवीला आमच्या वर्गात होता, अपूर्णांकांत कच्चा, सलाम करण्यात पक्का. कुणाकडून तरी कळलं म्हणून आपण होऊन घरी घेऊन आला. आम्ही गल्लीत टोकापर्यंत जाऊन आलो. दोनशे मीटर असतील. इतकी वर्षं आपण सायकल चालवत नव्हतो, ढकलत होतो, असं वाटलं. पाय फिरला की ती पुढे असायची. लोखंडाची चांगली फ्रेम खड्ड्यावरून जाताना किंचित लवते, तो धक्का मनगटापर्यंत पोचू देत नाही. हे आम्ही वाचलं होतं, त्या दोनशे मीटरमध्ये अंगाला कळलं.

मुलांच्या अब्बूंनी सायकल उलटी केली. पायडलच्या धुऱ्याखाली फ्रेमवर नंबर कोरलेला असतो. तो होता, साफ वाचता येत होता. "बिल?" त्यांनी विचारलं. ते गांधीबागेत एका कापड दुकानात हिशेब लिहितात, कागदाशिवाय बोलत नाहीत. मुलगा म्हणाला, सायकल मित्राची आहे, मित्र पुण्याला नोकरीला गेला, बिल त्याच्याकडे असेल, मागवून घेतो. मग आमच्याकडे वळून म्हणाला, "टीचर, आप तो अपने हो."

आम्ही आत गेलो. ते हळूच म्हणाले, "सायकलला आरसी बुक नसतं. बिल हाच कागद. उद्या ही कुणाची निघाली, तर 'माहीत नव्हतं' असं शर्मा म्हणाले तर चालून जाईल. आपण म्हटलं तर?"

यात खोटं काय होतं? काहीच नाही. आमच्या वस्तीतल्या मुलांना जुनी मोबाइल घेतानाही आम्हीच वर्गात सांगतो, बिल घ्या, बिलाशिवाय हात लावू नका. पण त्याच तोंडाने आम्ही बाहेर येऊन त्या मुलाला सांगितलं, "बिल आलं की बघू, बेटा." तो काही बोलला नाही. 'बघू'चा अर्थ त्याला अपूर्णांकांपेक्षा चांगला कळत होता. जगात त्याला रोज कुणीतरी 'बघू' म्हणत असणार. आपल्या टीचरकडून तो ते ऐकायला आला नव्हता. सायकलवर बसला नाही, हाताने धरून चालत गेला.

त्या रात्री झोप लागली नाही. जे लोक आमच्याकडे संशयाने बघतात म्हणून आम्ही गाऱ्हाणं गातो, त्यांचाच चष्मा आम्ही आमच्या मुलासाठी वापरला. आणि चष्मा न वापरता तरी काय करणार होतो, तेही कळेना. सायकल सरळ असेल, तर आम्ही त्याचा अपमान केला. नसेल, तर वाचलो. दोन्हीपैकी काय, हे ठरवायला आमच्याजवळ सायकलखालचा एक नंबर सोडून काही नव्हतं.

मधल्या दिवसांत घरात दुसराच विषय निघाला. सासूबाईंनी मोबाइलवर रोड बाईकचं चित्र बघितलं आणि पहिल्यांदा अर्थाचं विचारलं, "कव्हर कुठे आहे चेनला?" नसतं. जाळी? तीही नसते. मधे आडवा दांडा. म्हणजे बुरखा चालणार नाही, सैल सलवारही नाही. पाय मागून वरून टाकून बसायचं. हा प्रश्न धर्माचा म्हणून मांडला गेला असता तर आम्ही वाद घातला असता, तयारीही होती. पण त्या शिवणकाम करणाऱ्या बाई, त्यांनी कापडाचा प्रश्न म्हणून मांडला. दोन दिवसांनी त्यांनीच गुडघ्यापर्यंतचा, बाजूने चिरा असलेला ढगळ कुर्ता आणि खाली निमुळती विजार शिवून दिली. कपडा जाड, वाऱ्याने अंगाला चिकटू नये म्हणून. स्कार्फ हेल्मेटच्या आत. "मुहल्ल्यातून जाशील कशी, ते तू बघ," एवढंच म्हणाल्या.

आम्ही त्यांना पुदुक्कोट्टैची गोष्ट सांगितली. तमिळनाडूच्या या जिल्ह्यात १९९१ पासून साक्षरता मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवली गेली. हजारो बायका शिकल्या, त्यात मुस्लिम बायकाही. पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं, आणि तो लेख 'जहाँ पहिया है' या नावाने बरीच वर्षं आठवीच्या एनसीईआरटीच्या हिंदी पुस्तकात होता. त्यात एक मुस्लिम माध्यमिक शिक्षिका आहे. सायकल विकत घ्यायची ऐपत नाही, म्हणून ती रोज संध्याकाळी अर्ध्या तासासाठी भाड्याने घेते. आम्ही तो लेख वाचला तेव्हा या बाईपाशी थांबलो होतो. अर्धा तास तिला कुठेही पोचायचं नसतं! तिथे लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा बायकांनी दांडेवाल्या जेन्ट्स सायकली घेतल्या, आणि काहींना त्याच बऱ्या वाटल्या, कारण दांड्यावर मूल बसवता येतं. सासूबाई म्हणाल्या, "तुमच्या दांड्यावर मूल बसेल का?" नाही बसणार. "मग?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. हेही खरं, की आमच्या वर्गातल्या मुली सहावीपर्यंत भावाच्या सायकलवर गल्ली दणाणून सोडतात आणि आठवीत त्यांना विचारलं तर म्हणतात, "टीचर, अब नहीं चलाते." मनाई कुणी केली, हे त्यांनाही सांगता येत नाही. आम्हीही आठवीतच सोडली होती आणि पुन्हा धरली ती नोकरी लागल्यावर.

तिसरी सायकल एका कॉलेजातल्या मुलीची. ती शिकायला बाहेरगावी गेलेली, आई विकत होती. घर पुन्हा रेल्वेलाइनच्या पलीकडे. या वेळी लिहिताना 'मी एकटी येते आहे' असं स्पष्ट लिहिलं. लिहिताना बोट अडलं.

अॅल्युमिनियमची फ्रेम, माप ४८, शिमानो क्लॅरिसचे गिअर, पुढे दोन चकत्या, मागे आठ. शिमानोच्या रोड बाईकच्या सामानात पायऱ्या असतात. क्लॅरिस आठ चकत्यांचं, त्याच्या वर सोरा नऊचं, टियाग्रा दहाचं. वरच्या पायऱ्या हलक्या आणि महाग. पण आठचं सामान धकाऊ, त्याची चेन, चकत्या स्वस्त आणि सहज मिळणाऱ्या. शर्यतीला जायचं नसेल तर खालच्या पायरीची लाज बाळगायचं कारण नाही. गिअर बदलायचे ते ब्रेकच्याच दांड्याने, तो आत ढकलून. हात हँडलवरून उचलावा लागत नाही.

आम्ही पिशवीतून तीस सेंटिमीटरची स्टीलची पट्टी काढली. चेनचा हिशेब सोपा आहे. एका पिनेपासून एक सोडून पुढच्या पिनेपर्यंत बरोबर एक इंच, म्हणजे वीस पिनांवर दहा इंच, २५.४ सेंटिमीटर. चेन वापरून ताणली जाते असं म्हणतात, पण लोखंड ताणलं जात नाही. पिना आणि त्यांची भोकं झिजतात आणि प्रत्येक सांध्यात केसभर ढिलाई येऊन चेन लांबते. लांबलेली चेन मागच्या चकत्यांचे दातही खाते. आमच्या पट्टीवर २५.६ आलं. दोन मिलिमीटर जास्त, म्हणजे चेन गेली, आणि चकत्याही बहुधा जाणार. मग चाक उचलून फिरवलं. ब्रेकच्या रबरापाशी डोळा लावला की रिम डावी-उजवीकडे डुलते का ते दिसतं. थोडी डुलत होती, तारा ओढून बसवता येण्यासारखी. रिमच्या कडेवर नख फिरवलं. ब्रेकने खाऊन तिथे खळगा पडलेला असेल तर चाकच बदलावं लागतं. खळगा नव्हता. चिमट्याच्या वर जिथे फ्रेमच्या नळ्या जुळतात, तिथे आणि धुऱ्यापाशी फडक्याने पुसून चीर शोधली. अॅल्युमिनियमला चीर गेली की ती सायकल संपली. चीर नव्हती. सीटची दांडी सैल करून वर-खाली करून बघितली, कारण कित्येक सायकलींत ती वर्षानुवर्षं न हलवल्याने आतच धरून बसते. हलली.

बाईंनी सगळं हात बांधून बघितलं. मग म्हणाल्या, "तुम्ही टीचर आहात का हो?" कशावरून म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "पट्टीवरून."

साडेसतरा हजार सांगितले होते. आम्ही चेन आणि चकत्यांचे मिळून दोन हजार कमी करा म्हटलं. पंधराशेवर तुटलं. सोळा हजार. त्यांनी फाइल उघडून बिल काढलं, आत हमीपत्रसुद्धा. नंबर जुळला. त्यांनी आमचा कुठलाच कागद मागितला नाही. बिल फाइलमध्ये असणाऱ्यांचं असं असतं.

इतवारीत आल्यावर पहिली हजेरी मिस्त्रीचाचांकडे. त्यांचं दुकान म्हणजे एक पत्रा, एक पाण्याचं घमेलं आणि पन्नास वर्षं. 'पंक्चरवाले' हा शब्द आमच्या लोकांसाठी शिवीसारखा वापरला जातो, हे त्यांना ठाऊक आहे. आमच्या एका मुलीने फॉर्मवर बापाचा धंदा 'मेकॅनिक' लिहिला होता, बाप याच चाचांकडे काम करायचा. चाचा म्हणतात, घमेल्यात बुडबुडा दिसेपर्यंत ट्यूब फिरवायला जो सब्र लागतो, तो शिवी देणाऱ्यांकडे असता तर त्यांनी शिवी दिली नसती.

त्यांनी सायकलभोवती एक चक्कर मारली. "बाजी, इसमें तो कुछ हैच नहीं. स्टँड नहीं, कॅरिअर नहीं, मडगार्ड नहीं, घंटी नहीं. पैसे किसके दिए?" मग हँडलपर्यंत वाकून बघितलं. "पूरा रस्ता रुकू में जाओगे क्या?" पण चाक फिरवलं आणि कान लावला, आणि चेहरा बदलला. छर्‍यांचा आवाज त्यांना आवडला. तारांची चावी घेऊन बसले आणि दहा मिनिटांत रिमचा डोलणं काढलं, कोणत्याही यंत्राशिवाय, नखाच्या अंतरावर. अडलं ते हवेपाशी. आपल्या साध्या सायकलीचा वॉल्व्ह जाड. हिचा बारीक, पितळी, टोकाला स्क्रू असलेला, प्रेस्टा म्हणतात त्याला. आधी तो स्क्रू ढिला करायचा, मग हवा. चाचांचा पंप बसेना. टायर फक्त २८ मिलिमीटर रुंद, आमच्या वजनाला सत्तर-पंचाहत्तर पौंड हवा हवी. कमी असली तर खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटून दोन दात लागल्यासारखं पंक्चर होतं. पितळेची एक बोटाच्या पेराएवढी टोपी मिळते, ती लावली की साधा पंप चालतो. आम्ही ती सायकलच्या दुकानातून आणून दिली. चाचांनी दोन मागवल्या, एक स्वतःसाठी. "और कोई लाएगा तो?"

तीन आठवडे गेले आणि आमच्या मोबाइलवर एक फोटो आला. बिल. त्या निळ्या सायकलीचं. पुण्याच्या मित्राच्या नावावर, तारीख, दुकानाचा शिक्का आणि खाली फ्रेमचा नंबर. तो नंबर मुलांच्या अब्बूंनी तेव्हाच डायरीत उतरवून ठेवला होता. त्यांनी डायरी काढली. आम्ही दोघांनी एकेक आकडा बोटाने बघितला. जुळला. फोटोखाली मुलाने काही लिहिलं नव्हतं. सायकल विकली गेली की अजून आहे, तेही नाही. आम्ही 'माशाअल्लाह बेटा' लिहिलं, खोडलं, 'माफ करना' लिहिलं, खोडलं. शेवटी लिहिलं, 'घर आओ, चाय पीने.' तो अजून आलेला नाही.

पहिल्या रविवारी फज्र झाल्यावर निघायचं ठरवलं, रस्ते रिकामे असतात म्हणून. हा हिशेब आमचा चुकला. मुहल्ल्यातले सगळे पुरुष एकाच वेळी रस्त्यावर असण्याची दिवसातली पहिली वेळ म्हणजे फज्रनंतरची. दार उघडलं तर समोरून मशिदीतून परतणारी रांग. सासूबाई मागे उभ्या. आत जाऊन दहा मिनिटं थांबावं असं वाटलं. तेवढ्यात रांगेतून मिस्त्रीचाचा पुढे आले, खाली वाकले, मागचं टायर अंगठ्याने दाबलं, पुढचं दाबलं. "ठीक है, जाओ." रांग दोन्ही बाजूंनी पुढे गेली. कुणी बघितलं, कुणी नाही. आम्ही पाय मागून वरून टाकला.

ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत कपड्यांची, हँडलची, लोकांची धास्ती. त्यानंतर फक्त रस्ता. वाकून बसल्यामुळे वारा पाठीवरून निघून जायचा. कामठी छावणीची जुनी झाडं आली तेव्हा घड्याळ बघितलं, विश्वास बसला नाही. दारात पोचलो तेव्हा पन्नास मिनिटं झाली होती. भाऊ दात घासत होता, ब्रश तोंडात तसाच राहिला. अम्मांनी विचारलं, "कौन छोड़के गया?"

"कोई नहीं."

त्या काठी टेकत बाहेर आल्या, सायकल बघितली. पुढून, मागून. हात लावला तो सीटला, इतकी टणक का म्हणून. चहा झाला, पराठे झाले. दोन तास बसलो. उठताना कुणाकडे बघावं लागलं नाही. निघताना अम्मांनी नेहमीप्रमाणे आतून लोणच्याची बरणी आणली, आंब्याचं, पाच किलोची चिनीमातीची, वर कापड बांधलेली. ती घेऊन त्या सायकलीपाशी उभ्या राहिल्या. टोपली शोधली. कॅरिअर शोधलं. आडव्या दांड्याला बांधता येईल का तेही बघितलं. मग बरणी पुन्हा छातीशी धरली.

"अगली बार वो पहलीवाली लेके आना," म्हणाल्या.